इस्लामिक मोबाईल बँकिंग ॲप आणि ग्राहकांचं समाधान (इंडोनेशिया)

इस्लामिक बँकेचं ॲप दिसायला कुठल्याही बँकेच्या ॲपसारखंच असतं, बॅलन्स बघा, पैसे पाठवा, वीजबिल भरा, क्यूआर स्कॅन करा. फरक आतमध्ये, व्याज घ्यायचं नाही, द्यायचंही नाही. सेव्हिंग खातं उघडताना वादिया की मुदारबा ते निवडायचं. वादिया म्हणजे पैसे नुसते सांभाळायला ठेवले, मुदारबा म्हणजे बँक ते धंद्यात लावणार आणि नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटून घेणार.

इंडोनेशियातली सगळ्यात मोठी अशी बँक म्हणजे बँक शरिया इंडोनेशिया, १ फेब्रुवारी २०२१ ला तीन सरकारी बँकांच्या शरियाप्रमाणे (इस्लामी धर्मकायद्याप्रमाणे) चालणाऱ्या उपकंपन्या एकत्र करून झालेली. तिच्या ॲपमध्ये नमाजच्या वेळा, किब्ल्याची (नमाजला तोंड करायची, म्हणजे मक्केची) दिशा, जवळची मशीद, जकात (नाक्यावरची नव्हे, धर्मात सांगितलेलं दान) भरायची सोय असं सगळं एकाच ठिकाणी. लोकांना हे आवडतं, पण खरं सांगायचं तर किब्ला दाखवणारी फुकट ॲप्स ढिगाने आहेत, बँकेच्या ॲपकडून माणसाला आधी पैसे वेळेवर पोचायला हवे असतात.

समाधान मोजताना अभ्यासक विश्वासार्हता, तत्परता, आपुलकी वगैरे नेहमीचे निकष लावतातच. २००१ मध्ये ओथमन आणि ओवेन यांनी कुवेत फायनान्स हाऊस या इस्लामिक बँकेच्या अभ्यासात त्यात शरियापालन हा एक जास्तीचा निकष घातला, तेव्हा अर्थात ॲप वगैरे काही नव्हतं.

विश्वासार्हतेचं महत्त्व इंडोनेशियाच्या आचे प्रांतात कळलं. तिथे स्थानिक कायद्याला ‘कानून’च म्हणतात (हो, आपलाच शब्द), आणि २०१८ च्या ११ नंबरच्या कानूनने सगळ्या वित्तसंस्था शरियाप्रमाणेच चालवायच्या असं ठरलं, मग साध्या बँका तिथून निघून गेल्या. ८ मे २०२३ ला बँक शरिया इंडोनेशियाची सेवा कोलमडली, ॲप बंद, एटीएम बंद, पुढे लॉकबिट या हॅकर टोळीने हल्ला आम्हीच केला म्हणून सांगितलं. बाकी देशात लोकांनी दुसऱ्या बँकेचं कार्ड काढलं, आचेत बऱ्याच जणांकडे दुसरं कार्डच नव्हतं, ऑनलाइन पैसे अडकले आणि ज्याच्याकडे रोख होती त्याचंच चाललं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकेने ‘बियॉण्ड’ नावाचं नवं ॲप आणलं.

भारतात अशी बँकच नाही, २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. त्यामुळे मालेगाव-मुंब्र्यात ज्याला व्याज नको असतं तो साध्याच बँकेच्या ॲपात स्टेटमेंट उघडून इंटरेस्टची ओळ शोधतो आणि तेवढी रक्कम सवाबाची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता कुणा गरजूला देऊन टाकतो.