विलचा वाढदिवस कोण विसरलं?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या अलौकिक मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये मुलं रोलर स्केटिंगला जातात, तो प्रसंग आठवा. कॅमकॉर्डरवर चित्रण चाललेलं असतं आणि पडद्यावर तारीख दिसते, २२ मार्च. बहुतेकांच्या नजरेतून ती निसटली. काही चाहत्यांना मात्र लगेच दुसरा सीझन आठवला, कारण तिथे विल बायर्सच्या आईच्या तोंडी त्याच्या वाढदिवसाची हीच तारीख आहे. म्हणजे त्या दिवशी विलचा वाढदिवस, तो स्वतः तिथे हजर, जिवलग मित्र माइकही सोबत, आणि कोणी साध्या शुभेच्छाही देत नाही. पहिल्या सीझनमध्ये जो मुलगा या जगातून गायब झाला होता, त्याचाच वाढदिवस सगळे एकदम विसरतात, तर यामागे काहीतरी असणारच! ही पुढच्या सीझनची पेरणी आहे, असं पुष्कळांनी धरलं.

२०२२मध्येच मालिकेचे कर्ते मॅट आणि रॉस डफर यांनी मुलाखतीत खुलासा केला. ती तारीख त्यांच्याच लक्षात राहिली नव्हती. जुन्या भागातला महिना बदलून टाकावा का, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता.

आता त्याआधीची एक मालिका घेऊ. ‘लॉस्ट’ २००४मध्ये सुरू झाली आणि २०१०मध्ये संपली. विमान कोसळून एका गूढ बेटावर अडकलेल्या माणसांची ही कथा. तिच्यात सहा आकडे पुन्हा पुन्हा डोकं वर काढतात: ४, ८, १५, १६, २३, ४२. एका पात्राला याच आकड्यांवर लॉटरी लागलेली असते. बेटावर जमिनीखाली एक कोठी सापडते, तिच्या झाकणाच्या बाजूला हेच आकडे कोरलेले असतात. आत एक संगणक असतो आणि ठरावीक वेळाने त्यात हेच आकडे भरावे लागतात. ही वेळ किती? १०८ मिनिटं. ज्यांनी हौसेने त्या सहा आकड्यांची बेरीज करून पाहिली, त्यांना उत्तर मिळालं १०८. इथे लेखकांनी खरोखरच खूण ठेवली होती.

दोन्हीकडे प्रेक्षकांनी केलं ते एकच. बारीक तपशील हेरला, जुन्या तपशिलाशी ताडून पाहिला, योगायोग नाकारला आणि त्यातून अर्थ काढला. एकीकडे अर्थ होता, दुसरीकडे नुसती चूक. आणि नेमकं हेच मला सगळ्यात विचार करण्याजोगं वाटतं, की पुढचा सीझन येईपर्यंत खूण आणि चूक बाहेरून अगदी सारखीच दिसतात. दोन सीझनच्या मधल्या काळात चाहते जे तर्क लढवतात त्याला रिकामटेकडेपणा म्हणून उडवून लावणाऱ्यांना हे कोडं दिसतच नाही. अपुऱ्या पुराव्यावरून न दिसणाऱ्या नियमांपर्यंत पोचायचं, हे काम विज्ञानालाही रोज करावं लागतं.

असंबद्ध गोष्टींमध्ये नसलेला संबंध दिसणं, या प्रकाराला जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्लाउस कॉनराड यांनी १९५८मध्ये ‘अपोफेनिया’ असं नाव दिलं. त्यांचा संदर्भ गंभीर मानसिक आजाराच्या सुरुवातीचा होता. पण सौम्य प्रमाणात ही खोड प्रत्येक मेंदूत असते. हेतू शोधण्याचंही तसंच. १९४४मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मेरीआन झिमेल यांनी एक छोटी चित्रफीत दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारी एक चौकट, बस्स. काय दिसलं ते लिहा, असं ३४ जणांना सांगितलं. एकाने फक्त आकारांच्या हालचाली लिहिल्या. बाकीच्यांनी गोष्ट लिहिली: मोठा त्रिकोण दांडगट आहे, वर्तुळ घाबरलंय, छोटा त्रिकोण त्याला वाचवू पाहतोय.

खऱ्या जगात ही सवय बऱ्याचदा फसवते, कारण ढगांच्या आकारामागे कोणाचा हेतू नसतो. मालिकेचं तसं नाही. तिथे प्रत्येक चौकटीमागे खरोखरच माणसं बसलेली असतात. वेशभूषा कोणीतरी निवडलेली असते, भिंतीवरचं घड्याळ कोणीतरी टांगलेलं असतं. ‘हे मुद्दाम केलंय’ हा संशय तिथे मुळातच रास्त असतो. चाहत्याची गफलत एवढीच होते की सगळंच मुद्दाम असेल असं तो धरून चालतो.

पण मग अलौकिक मालिकांनाच या तर्कांचं पीक इतकं भरघोस का येतं? खुनाच्या सरळ गोष्टीत जगाचे नियम आपल्याला आधीच ठाऊक असतात. मेलेला माणूस उठत नाही, बंद भिंतीतून कोणी जात नाही. फक्त त्या रात्री काय घडलं ते शोधायचं असतं. अलौकिक कथेत घटना तर अज्ञात असतातच, शिवाय ज्या नियमांनी त्या घडतात तेही अज्ञात असतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये वेक्ना या खलनायकाच्या शिकारीला आधी घड्याळाचे टोल ऐकू येतात. आवडतं गाणं कानावर पडलं तर माणूस त्याच्या तावडीतून सुटू शकतो. माइंड फ्लेअर या राक्षसी शक्तीला थंडी मानवते, उष्णता सोसत नाही. हे नियम कोणी फळ्यावर लिहून देत नाही. चार-पाच प्रसंग पाहून प्रेक्षकाने ते स्वतः बांधायचे असतात.

चौथ्या सीझनमधला माइकची बहीण नॅन्सी हिच्या डायरीचा प्रसंग याचा उत्तम नमुना आहे. कथेत तेव्हा मार्च १९८६ चालू असतो. अपसाइड डाउन म्हणजे मालिकेतलं काळोखं समांतर जग. तिथल्या आपल्या घरात नॅन्सी शिरते. हवी ती बंदूक सापडत नाही. खोलीतल्या वस्तूही आताच्या नाहीत. मग ती डायरी उघडते. शेवटची नोंद ६ नोव्हेंबर १९८३ची, म्हणजे विल गायब झाला त्या दिवसाची. त्या एका पानाने जुन्या तीन सीझनमधलं अपसाइड डाउन पुन्हा तपासायला लावलं. ते जग आपल्या जगाचं प्रतिबिंब असेल, तर ते त्याच दिवशी का थिजलं? त्याआधी तिथे काय होतं? प्रश्न नेमका होता, पुरावा हाताशी होता आणि उत्तर पुढच्या सीझनमध्ये होतं. तो सीझन यायला तीन वर्षांहून जास्त काळ लागला.

अलौकिकाचं प्रमाणही महत्त्वाचं ठरतं. मानववंशशास्त्रज्ञ पास्कल बॉयर यांचं म्हणणं असं, की ज्या कल्पना सामान्य समजुती मोजक्याच ठिकाणी मोडतात त्या मनात घट्ट बसतात. भूत भिंतीतून जातं, पण ते चिडतं, त्याला आठवणी असतात, त्याला काहीतरी हवं असतं. म्हणून ते पुढे काय करेल याचा अंदाज बांधता येतो. २००६मध्ये आरा नोरेनझायान आणि सहकाऱ्यांनी ग्रिम बंधूंनी जमवलेल्या परीकथा तपासल्या. लोकांच्या ओठी राहिलेल्या कथांमध्ये निसर्गनियम मोडणाऱ्या गोष्टी साधारण दोन-तीनच निघाल्या. विस्मृतीत गेलेल्या कथांमध्ये असं एकसारखं प्रमाण नव्हतं. सगळंच शक्य असेल तिथे तर्काला पाय ठेवायला जागा उरत नाही. ज्या मालिका प्रत्येक भागात नवी शक्ती आणि नवा नियम काढतात त्यांच्याबद्दल फारसं कोणी डोकं का खाजवत नाही, ते यावरून कळतं.

आणि थांबावं लागतं तेव्हा काय होतं? १९२७मध्ये बर्लिनमध्ये ब्ल्यूमा झायगार्निक यांनी लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि निम्मी अर्ध्यावर तोडली. अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवली. नंतरच्या प्रयोगांत हा स्मरणाचा फायदा दरवेळी सापडला नाही. मात्र त्यांची सहकारी मारिया ओव्स्यान्किना हिने १९२८मध्ये दाखवलेली गोष्ट जास्त पक्की ठरली: संधी मिळताच माणूस अर्धं राहिलेलं काम आपणहून पुन्हा हाती घेतो. सीझनच्या शेवटच्या भागात दार उघडतं आणि पडदा काळा होतो. कथा लेखकाने तोडलेली असते, मग प्रेक्षक ती स्वतःच पुढे नेतो.

किती कळलंय यावरही ओढ अवलंबून असते. २००९मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेमध्ये झालेल्या अभ्यासात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून त्यांच्या मेंदूची स्कॅन घेतली. ज्या प्रश्नाचं उत्तर अजिबात ठाऊक नव्हतं, त्याबद्दल उत्सुकता कमी. ज्याची खात्री होती, त्याबद्दलही कमी. ‘आठवतंय, आठवतंय, ओठांवर आहे’ अशा मधल्या टप्प्यात ती सगळ्यात जास्त होती, आणि बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित असलेला मेंदूचा भागही तेव्हा अधिक जागा होता. चांगला ट्रेलर प्रेक्षकाला बरोबर याच टप्प्यावर आणून सोडतो.

त्याचा एक उपपरिणाम मला फार मोलाचा वाटतो. मथायस ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये दाखवलं, की ज्या उत्तराची तीव्र उत्सुकता आहे त्याची वाट पाहताना मध्येच दिसलेले अनोळखी चेहरेसुद्धा लोकांच्या जास्त लक्षात राहतात. त्या चेहऱ्यांचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. उत्सुक मेंदू हवं असलेलं उत्तर साठवतोच, आसपासचंही बरंच काही उचलून ठेवतो. दोन सीझनआधी एकदाच उच्चारलेली तारीख कोणाला तरी आठवते, ती अशा स्मृतीच्या जोरावर.

स्मृती आणि उत्सुकता जमेची. खर्चाच्या बाजूला पहिलं नाव घ्यावं लागतं ते तपशिलाच्या मोहाचं. १९८२मध्ये अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी भाकितं करण्यात मुरलेल्या तज्ज्ञांच्या एका गटाला विचारलं, पुढच्या वर्षी अमेरिका आणि सोव्हिएत संघाचे राजनैतिक संबंध तुटण्याची शक्यता किती? दुसऱ्या गटाला विचारलं, सोव्हिएत संघ पोलंडवर चढाई करेल आणि मग हे संबंध तुटतील, याची शक्यता किती? दुसऱ्या गटाने जास्त शक्यता सांगितली. गणिताने हे अशक्य आहे, कारण दोन गोष्टी मिळून घडण्याची शक्यता त्यातल्या एकीच्या शक्यतेपेक्षा जास्त असूच शकत नाही. पण चढाईमुळे गोष्टीला कारण मिळालं, आणि कारण असलेली गोष्ट मनाला पटते.

चाहत्यांच्या सगळ्यात लोकप्रिय थिअऱ्या याच घडणीच्या असतात. अमुक पात्र मरणार, कारण त्याने पूर्वी सौदा केला होता, त्याच्या मरणाने दार मिटणार, पण त्याआधी त्याला आपली खरी आई कळणार, आणि तीच मूळ खलनायिका निघणार. पाच दुवे झाले. प्रत्येक दुवा त्याच्या आधीचे खरे ठरल्यावर ७० टक्के खरा ठरेल असं उदारपणे धरलं, तरी पाचही जुळण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के. ऐकताना मात्र ती थिअरी प्रत्येक दुव्यागणिक अधिक खरी वाटत जाते.

दुसरा दोष त्याहून चिवट आहे. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६०मध्ये लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं, यामागे एक नियम आहे, तुम्ही आणखी त्रिकुटं सुचवा, ती नियमात बसतात का ते मी सांगतो. लोकांना वाटलं नियम दोनाच्या वाढीचा. मग त्यांनी सुचवलं ८, १०, १२. बरोबर. २०, २२, २४. बरोबर. खात्री पटली, नियम सांगितला, तो चुकला. खरा नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. १, २, ९९ असं विचारलं असतं तर तेव्हाच उलगडा झाला असता. पहिल्याच घोषणेत बरोबर उत्तर देणारे साधारण पाचातला एक होते. वाढदिवसाच्या थिअरीला हीच कसोटी लावता आली असती. लेखक तारखांच्या बाबतीत इतके काटेकोर असतील, तर इतर तारखाही चोख जुळायला हव्यात. जुळतात का? कुठे जुळत नाहीत? हा दुसरा प्रश्न विचारणारा चाहता सापडला की मला त्याची थिअरी वाचावीशी वाटते, मग ती कितीही विचित्र असो.

शिवाय थिअरी एकदा डोक्यात बसली की पाहणंच बदलतं. याआरा येशुरुन आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये एक संदिग्ध कथा दोन गटांना ऐकवली. एका गटाला आधी सांगितलं होतं की पत्नी विश्वासघात करते आहे. दुसऱ्याला सांगितलं की पत्नी निष्ठावान आहे, नवराच संशयी आहे. शब्द तेच, आवाज तोच. पण मेंदूच्या अर्थ लावणाऱ्या भागांतली हालचाल गटातल्या गटात जुळली, दुसऱ्या गटाशी मात्र जुळली नाही. जुने भाग नव्या थिअरीसह पुन्हा पाहणाऱ्याला सगळीकडे पुरावे दिसू लागतात, त्याचं कारण इथे आहे.

नवा सीझन आला की सगळे म्हणतात, मला आधीच वाटलं होतं. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी निक्सन यांच्या १९७२च्या चीन आणि सोव्हिएत दौऱ्यांआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले आणि नंतर तेच अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त शक्यता दिली होती असं त्यांना आठवलं. त्यामुळे तारीख घालून आधी लिहिलेली थिअरी हीच काय ती मोजता येणारी.

उत्तर मिळाल्यावर काय होतं, याचा एक धडा टीव्हीच्या इतिहासातच आहे. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ‘ट्विन पीक्स’ १९९०मध्ये सुरू झाली. लॉरा पामरला कोणी मारलं, या एका प्रश्नापायी प्रेक्षक भाग व्हिडिओ टेपवर उतरवून फ्रेम फ्रेम थांबवून पाहत होते. वाहिनीच्या आग्रहाने नोव्हेंबर १९९०मध्ये खुनी उघड झाला. प्रेक्षक घटत गेले आणि जून १९९१मध्ये मालिका आटोपली. ते गूढ सोडवायची आपली इच्छाच नव्हती, असं लिंच पुढे अनेकदा म्हणाले. त्या शेवटच्या भागात, लाल पडद्यांच्या खोलीत, लॉरा तिच्या खुनाचा तपास करणाऱ्या एजंट कूपरला सांगते की मी तुला २५ वर्षांनी पुन्हा भेटेन. मालिका तर बंद पडली होती. तरी ते वाक्य चाहत्यांनी सोडलं नाही आणि ते खूण की नुसता संवाद, यावर तर्क चालूच राहिले. तिसरा सीझन २०१७मध्ये आला, १८ भागांचा. त्याच्या अखेरच्या प्रसंगात कूपर रस्त्यावर उभा राहून विचारतो की हे कोणतं साल आहे, आणि त्याचं उत्तर मालिका देत नाही.