मैदानी युद्धकला व रानात तग धरण्याचे प्रशिक्षण (नागपूर परिसर)

लाठीकाठी, दांडपट्टा, कुस्ती, कराटे यांचा सराव उघड्या मैदानावर करायचा आणि त्याच शिबिरात पाणी शोधणे, विस्तव करणे, निवारा उभारणे, जखमीला उचलून आणणे हेही शिकायचे, अशा जोडप्रशिक्षणाला हल्ली सरसकट ‘सर्व्हायव्हल कॅम्प’ म्हणतात. नागपूरकरांना नाव नवे असले तरी यातले बरेचसे ओळखीचे आहे. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून हजारो माणसे सातपुड्यात पचमढीजवळच्या नागद्वार यात्रेला जातात आणि भर पावसात डोंगर, ओढे, निसरड्या वाटा पायी तुडवतात. तिथे प्रशिक्षक कोणी नसतो. आधी जाऊन आलेला शेजारी असतो.

युद्धकलेची बाजू आखाड्यांतून आली. विदर्भात या परंपरेला शिस्तशीर रूप देणारी मोठी संस्था नागपूरची नव्हे, अमरावतीची : १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. दांडपट्ट्याला महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान दिला. बचावकार्याच्या शिक्षणाचे केंद्र मात्र खुद्द नागपुरात आहे. राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय १९५७ मध्ये येथे सुरू झाले. कामठीला एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी आहे.

दोन्ही बाजूंना जोडणारी वस्तू म्हणजे लाठी. तिच्यासाठी मानवेल हा जवळजवळ भरीव बांबू पसंत करतात. सरळ, जवळ पेरांचा, उभा धरल्यास साधारण कानापर्यंत येणारा. मैदानात तिच्यावर पवित्रे आणि फिरवणी बसवतात. भुसभुशीत नांगरटीत किंवा नाल्यातल्या गोट्यांवर तोच पवित्रा घ्यायला लावला की सपाट फरशीवर शिकलेल्याचे पाय लगेच उघडे पडतात. उघड्यावर शिकण्याचा खरा फायदा हाच. रानात शिरल्यावर तीच लाठी ओढ्याची खोली मापते, पाऊल टाकण्याआधी गवत हलवते, ताडपत्रीचा खांब होते. दोन लाठ्या दोन बटणबंद सदऱ्यांच्या बाह्यांतून आरपार घातल्या की स्ट्रेचर तयार होते. मारण्यासाठी ती वापरायची वेळ क्वचितच येते.

तग धरण्याची परदेशी पुस्तके बर्फ आणि गारठ्यावर पानेच्या पाने खर्च करतात. नागपूरला त्यांचा उपयोग बेताचाच. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथेही हुडहुडी भरते, पण माणूस खचतो तो उन्हाने. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो. त्या दिवसांत शहाणा प्रशिक्षक उजाडताच सराव घेतो आणि उन्हे चढण्याआधी थांबवतो. डोक्याला व कानांना दुपट्टा बांधणे ही इथली रीत अगदी योग्य आहे. खिशातल्या कांद्यावर मात्र भिस्त ठेवू नये. अंग तापलेले असून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून सावली, ओले कापड, वारा आणि दवाखाना, यात वेळ दवडायचा नाही. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या थकलेल्याला एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजतात. चमचा चहाचा, तोही सपाट भरलेला.

पाण्याचा धडा सगळ्यांत रोचक. साग, ऐन, मोह, तेंदू यांचे हे पानगळी रान उन्हाळ्यात उघडेबोडके होते आणि नाले आटतात. आटलेल्या नाल्यात वळणाच्या बाहेरच्या अंगाला वाळू उकरली की अनेकदा झिरा लागतो. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे. उरलेल्यातला गाळ बसवण्यासाठी निवळी या झाडाची बी भांड्याच्या आतल्या अंगाला उगाळतात. थोड्या वेळाने माती खाली बसते आणि वरचे पाणी नितळ होते. नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. ते उकळावेच लागते. आणखी एक मेख अशी, की निवळीचा सख्खा भाऊबंद काजरा म्हणजेच कुचला, आणि त्याची बी जहाल विषारी असते. काजऱ्याची बी मोठी, बटणासारखी चपटी आणि मखमली लवेची. निवळीची लहान नि गोलसर. शंका आली तर दोन्ही टाकून नुसते कापडाने गाळून उकळावे.

प्राण्यांच्या बाबतीत युद्धकला फारशी कामाची नाही. उत्तरेला पेंच (राष्ट्रीय उद्यान १९७५, व्याघ्रप्रकल्प १९९९), दक्षिणेला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य, आणि गोरेवाड्याचे रान तर शहराला खेटून. बोलत, आवाज करत चालायचे, वाघ दिसला तर पळायचे नाही, वाकायचे तर नाहीच. मोहफुले वेचणारी माणसे ओणवी असतात म्हणून त्यांना धोका अधिक. त्याच फुलांसाठी पहाटे अस्वलही येते. साप चावल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे सारे वर्ज्य. चावलेला अवयव न हलवता रुग्णालय गाठायचे.

विस्तवाचे गणित इथे उलटे आहे. चकमकीची ठिणगी सावरीच्या कापसावर पडली की काम झाले. वाळक्या पाल्यात आग लावणे कोणालाही जमते, ती आवरणे जमत नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायला आणि वणवा पेटेल असे काही करायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, त्यामुळे हा धडा रानाबाहेर, पीक निघालेल्या शेतात घेतात. आधी हातभर रुंदीची जागा मातीपर्यंत झाडायची. नंतर विझवताना पाणी ओतायचे, राख ढवळायची, पुन्हा ओतायचे, आणि हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन बघायची. ऊब लागली तर अजून एक तांब्या.