धरणातील पाण्याचा विसर्ग : निर्णयप्रक्रिया

पावसाळ्यात धरणातून नदीत पाणी केव्हा, किती आणि किती वेळ सोडायचे हे ठरवण्याचे काम. महाराष्ट्रात ते मुख्यतः जलसंपदा विभागाचे अभियंते करतात.

मोठ्या धरणांना जलाशय परिचालन सूची असते. पावसाळ्याच्या कोणत्या टप्प्यावर साठा कुठवर जाऊ द्यायचा, हे तिच्यात दिलेले असते. पण सूची मागील अनेक वर्षांच्या पावसावरून बेतलेली. आज रात्री घाटमाथ्यावर किती कोसळणार हे तिला ठाऊक नसते. दरवाजे लवकर उघडले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर उन्हाळ्यात पिकांना आणि पिण्याला पाणी कमी पडते. उशीर झाला, तर धरण भरलेले आणि येवा (धरणात येणारे पाणी) वाढता, अशा वेळी येईल तेवढे पाणी खाली सोडण्यावाचून इलाज उरत नाही.

उशीर किती महागात पडतो हे साध्या गणितावरून कळते. ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग दिवसभर चालला की १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी जाते. कोयना धरणात पाच दिवसांत १० टीएमसी जागा करायची, तर येवा शून्य धरूनही सतत २३,००० क्युसेकच्या वर पाणी सोडावे लागेल. प्रत्यक्षात पाऊस सुरूच असतो, त्यामुळे आकडा आणखी वाढतो.

कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी, वक्र दरवाजे सहा. तिथले पाणी कराडला कृष्णेत मिळते आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलापाशी मोजले जाते : ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. कोयनानगरचा निर्णय म्हणूनच सांगलीकडे पाहून घ्यावा लागतो. वारणा नदी किती भरून वाहते, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणाची पातळी काय, हेही बघावे लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्यानंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. पूर ओसरल्यावर सगळे आकडे समोर ठेवून निर्णय जोखणे सोपे असते. त्या रात्री अभियंत्यापुढे जेवढी माहिती होती तेवढ्यावरच तो जोखणे न्यायाचे.

प्रत्येक धरणाचे गणित निराळे. खडकवासल्याची साठवण जेमतेम दोन टीएमसी, वर पानशेत-वरसगाव धरणे, खाली लगेच पुणे शहर. विचाराला वेळ फार थोडा मिळतो. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात.

विसर्ग शक्यतो टप्प्याटप्प्याने वाढवतात. काठावरच्या शेतकऱ्याला पंपाच्या मोटारी आणि जनावरे वर घ्यायला तेवढाच अवधी मिळतो. आषाढीच्या दिवसांत उजनीतून भीमेत पाणी सोडताना पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात जमलेले वारकरीही हिशेबात धरावे लागतात.