तोंडाला लागलेली आणि रक्तात गेलेली

जळगाव-धुळे हायवेवर नाकाबंदीत कुणी दारू पिऊन गाडी चालवताना सापडला की दुसऱ्या दिवशी पारावर दोन वाक्यं ठरलेली. एक, "मशीनमध्ये फुंकलं म्हणजे रक्तच तपासलं ना." दुसरं, "ती मशीन काय, खोकल्याच्या औषधालाही वाजते." दोन्ही अर्धवट, आणि ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

रक्ताची तपासणी सगळ्यांना कळते. डॉक्टर सुई टोचतो, बाटली सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जाते. फक्त कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसू नये आणि बाटलीत सोडियम फ्लोराइड असावं. नाहीतर मे महिन्यात भुसावळच्या 45 अंशांत नमुना आंबून बाटलीतच अल्कोहोल तयार होऊ शकतं.

फुंकायची मशीन रक्ताला हातही लावत नाही. कायद्यातला आकडा मात्र रक्ताचा आहे: मोटार वाहन कायदा, कलम 185, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलात की गुन्हा. मशीन तो आकडा हिशेबाने काढते. 2100 मिलिलिटर खोल श्वासात जेवढं अल्कोहोल, तेवढंच 1 मिलिलिटर रक्तात, असं धरून. हे प्रमाण माणसागणिक थोडं बदलतं, पण बहुतेकांचं 2100 च्या वरच असतं, म्हणजे मशीन सहसा कमीच दाखवते. या प्रमाणावरून आरडाओरडा करणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

खरी मेख तोंडात आहे. हिशेब फुफ्फुसातल्या हवेचा, पण नुकताच घोट घेतला असेल, ढेकर आली असेल किंवा अल्कोहोलवाल्या माउथवॉशची चूळ भरली असेल, तर तोंडातलीच वाफ मशीनमध्ये जाते. माझ्या चुलतभावाच्या केळीच्या गाड्या सावद्याहून दिल्लीला जातात. ड्रायव्हरांसाठी त्याने मशीन घेतली तेव्हा आम्ही करून पाहिलं. न पिणाऱ्या भाच्याने माउथवॉशची चूळ थुंकली आणि लगेच फुंकलं. आकडा शंभराच्या पार! पोरगा घाबरून म्हणाला, "मामा, मी पेल नई शे!" पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलं, शून्य. रक्तात काही नव्हतंच, त्यामुळे सगळं उडून गेलं. खरोखर प्यायलेल्याचा आकडा पंधरा मिनिटांत असा गायब होत नाही. म्हणून पंधरा मिनिटं थांबून दुसऱ्यांदा फुंकणं हीच माझ्या मते या चाचणीची अर्धी विश्वासार्हता. उरलेली अर्धी म्हणजे वेळच्या वेळी कॅलिब्रेशन (आकडा बरोबर येतो का याची जुळणी) झालेली, फ्युएल सेल नावाच्या सेन्सरची मशीन. सेमीकंडक्टर सेन्सरवाली स्वस्त खेळणी ॲसिटोनलाही फसतात, आणि शुगर फार बिघडलेल्या माणसाच्या श्वासात ॲसिटोन असतो.

वेलची, कांदा, पान यांनी वास झाकतो, आकडा नाही. उलट नुसत्या वासावर कुणी दारुडा ठरत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1971 मध्ये सांगितलं की तोंडाचा वास, अडखळती जीभ आणि डगमगती चाल एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असं धरता येत नाही. तरीही बातमीत "वैद्यकीय चाचणीत निष्पन्न" एवढंच छापतात. कोणती चाचणी, किती आकडा, किती वाजता? काही नाही.

यातला "किती वाजता" फार महत्त्वाचा. शरीर तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं. रात्री दहाला मशीनवर 48 आणि सिव्हिलमध्ये बाराला घेतलेल्या रक्तात 20 आले, तर मशीन खोटी ठरत नाही, दोन तास गेलेले असतात. अटकेनंतर दोन तासांत तपासणी व्हावी, असं कायद्यात उगाच नाही.

चुलतभावाकडे आता ड्रायव्हर आला की त्याला आधी साधं पाणी देतात, पंधरा मिनिटं बाकड्यावर बसवतात, मग फुंकायला लावतात. बिडीसुद्धा नंतर.