श्रद्धा, पत आणि व्यापार : पार्श्वभूमी

धर्मामुळे एखाद्या देशाच्या व्यापाराचा आणि अर्थजीवनाचा फायदा होतो का, हा प्रश्न निघाला की चर्चा लगेच श्रद्धाळू माणूस जास्त प्रामाणिक असतो की नाही या मुद्द्यावर जाते आणि तिथेच घुटमळत राहते. माणसाच्या मनातला प्रामाणिकपणा मोजण्याचे साधन इतिहासाकडे नाही. त्याच्याकडे आहेत त्या खतावण्या, करारपत्रे, शिलालेख आणि निवाडे. या कागदपत्रांतून दिसते ते असे की, धर्मसंस्थांनी ज्या ज्या वेळी पैशाला विटाळ न मानता त्याच्या व्यवहाराला नियम, हिशेब आणि देखरेख लावली, त्या त्या वेळी बाजाराला एरवी न मिळणारी पत मिळाली. या इतिहासात व्याजाच्या प्रश्नावर जितके डोके चालवले गेले तितके दुसऱ्या कशावरही नाही, म्हणून या टिपणातही त्यालाच जास्त जागा दिली आहे.

पैसा ठेवण्यासाठी देवस्थान ही जागा प्राचीन काळापासून सोयीची ठरली, कारण तिथली चोरी हा गुन्ह्याबरोबर पापही मानला जाई आणि सावकार मेला की त्याचे व्यवहार विस्कटतात तसे देवस्थानाचे होत नसे. इजियन समुद्रातील देलोस बेटावरचे मंदिर इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकांत दहा टक्के दराने कर्ज देत होते. नाशिकच्या लेण्यांतील, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील एका शिलालेखात ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवल्याची नोंद आहे. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. मुद्दल परत मागायचे नव्हते आणि व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा (वस्त्रांचा) व किरकोळ गरजांचा खर्च भागवायचा होता. दानशूराचे पुण्य अशा रीतीने विणकरांचे खेळते भांडवल झाले. हीच व्यवस्था उलटही फिरू शकते, हे चीनमध्ये दिसले. चांगआन येथील एका मठाचा प्रसिद्ध कर्जनिधी ७१३ मध्ये राजाज्ञेने बंद झाला, आणि ८४५ मध्ये राज्याने सुमारे ४६०० मठ मोडून अडीच लाखांहून जास्त भिक्षू-भिक्षुणींना पुन्हा करदाते प्रजाजन बनवले. मठांकडे गेलेली जमीन आणि माणसे कराच्या कक्षेबाहेर राहत होती, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

दूरच्या व्यापारात अडचण वेगळी होती. माल जहाजावर चढला की तो विकणारा अडत्या महिनोन्‌महिने मालकाच्या नजरेआड असे. कैरोतील एका सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) कोठारात सापडलेल्या अकराव्या शतकातील पत्रांवरून दिसते की भूमध्य समुद्रावरचे ज्यू व्यापारी आपल्या धर्मबांधवांच्या जाळ्यातून एकमेकांच्या वागणुकीची बातमी ठेवत आणि फसवणाऱ्याचे नाव बंदरोबंदरी पोहोचवत. ही नुसती आपसातली पत होती की तिच्या मागे न्यायालयांचाही आधार होता, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पत्रांत दोन्हींचे पुरावे सापडतात. इस्लामी धर्मशास्त्राने त्याच काळात एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या वाट्याने आणि पैशाचा तोटा भांडवलवाल्याचा, अशा भागीदारीचे नियम बारकाईने बांधले होते. इटलीच्या बंदरांत पुढे रूढ झालेले करार याच्याशी इतके मिळतेजुळते आहेत की दोन्हींचा संबंध नाकारणे कठीण जाते.

आता व्याज. पश्चिम युरोपातील चर्चने ११३९ च्या महासभेत व्याजखोरीचा निषेध केला आणि ११७९ च्या महासभेत उघड व्याज घेणाऱ्यांना संस्कार व ख्रिस्ती दफन नाकारले. हेतू गरिबाला वाचवण्याचा होता. परिणाम तसा झाला नाही. मोठे व्यापारी परकीय चलनाच्या हुंडीत व्याज लपवू शकत, राजे आपल्या सोयीने कर्ज उभे करत, आणि ज्याच्याकडे गहाण टाकायला फक्त अंगावरचा कोट किंवा हातातले अवजार होते तो कारागीर वर्षाला वीस टक्के आणि त्याहूनही चढ्या दराने कर्ज काढत राहिला. अनेक शहरांनी हा व्यवसाय परवाने देऊन ज्यू सावकारांकडे सोपवला. त्यामुळे गरज भागत होती, शहराला परवान्याचे शुल्क मिळत होते आणि लोकांचा राग मात्र एका अल्पसंख्य समाजावर साचत होता.

या पार्श्वभूमीवर १४६२ मध्ये इटलीतील पेरूजा शहरात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंच्या पुढाकाराने गरिबांसाठी गहाणपेढी उघडली. तिचे काम कसे चाले हे जवळून पाहण्यासारखे आहे. देणग्यांतून आणि ठेवींतून भांडवल जमा होई. कर्ज मागणारा वस्तू घेऊन येई, मूल्य ठरवणारा कारकून तिची किंमत करी आणि त्या किमतीच्या काही अंशाइतकी रक्कम देई. वस्तूची नोंद वहीत होई, चिठ्ठी कर्जदाराच्या हाती जाई. साधारण वर्षाच्या मुदतीत पैसे परत आले तर वस्तू परत मिळे; नाही आले तर तिचा जाहीर लिलाव होई आणि कर्ज व खर्च वजा जाता उरलेली रक्कम मूळ मालकाला दिली जाई. हा शेवटचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण खासगी सावकारीत कर्जदार बुडतो तो बहुधा याच ठिकाणी: थोड्या रकमेसाठी सगळी वस्तू जाते. या पेढ्या कर्जावर घेत तो आकार (शुल्क) पाच ते दहा टक्क्यांच्या घरात असे आणि तो कारकुनांचे पगार, कोठाराचे भाडे आणि वह्यांचा खर्च यासाठी आहे असे सांगितले जाई.

वाद पेटला तो याच आकारावरून. डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन पंथांतील अनेक विद्वानांचे म्हणणे असे होते की, मुद्दलापेक्षा जे जास्त घेतले ते व्याजच, मग ते पाच टक्के असो वा पन्नास, आणि चांगल्या हेतूने केलेले पाप हेही पापच. फ्रान्सिस्कनांचे उत्तर असे की, इथे दोन वेगळे करार आहेत: कर्ज विनामूल्य आहे, आणि वस्तू सांभाळण्याच्या श्रमाचा मोबदला वेगळा आहे. हा युक्तिवाद चतुर होता, पण त्याला एक खरी कसोटी जोडलेली होती. वसूल झालेली रक्कम खर्चापेक्षा वाढली तर ती कोणाच्या खिशात जाते, हे वही उघडून दाखवता येत होते. पन्नास वर्षांहून जास्त काळ व्यासपीठांवरून आणि पुस्तिकांतून हा वाद चालला. काही ठिकाणी एकाच गावात दोन पंथांचे भिक्षू एकमेकांविरुद्ध प्रवचने देत होते.

४ मे १५१५ रोजी रोममधील चर्चच्या महासभेत निर्णय झाला. गहाणपेढ्यांनी केवळ खर्च भागवण्यापुरती, नफ्याचा हेतू नसलेली रक्कम घेणे निर्दोष ठरवले गेले, आणि यापुढे त्याविरुद्ध प्रचार करणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा सांगितली गेली. त्याच आदेशात, निधी पुरेसा असल्यास काहीच न घेता कर्ज देणे अधिक चांगले, असेही म्हटले होते. निषिद्ध व्याजाची व्याख्या करताना आदेशाने श्रम, खर्च आणि जोखीम हे तीन निकष पुढे केले: यांपैकी काहीही न करता, जी वस्तू स्वतः काही पिकवत नाही तिच्या वापरातून लाभ काढणे म्हणजे व्याजखोरी. या व्याख्येमुळे आणि तिच्याभोवतीच्या वादामुळे पैशाच्या मोबदल्यातला कोणता भाग कशासाठी आहे, हे वेगळे करून मांडण्याची सवय युरोपच्या कायदेपंडितांना लागली, आणि माझ्या मते या निर्णयाचा आर्थिक लाभ पेढ्यांच्या उलाढालीपेक्षा मोठा आहे. इंग्लंडने १५४५ च्या कायद्याने दहा टक्क्यांपर्यंतचे व्याज चालवून घेतले, १५५२ मध्ये पुन्हा बंदी घातली आणि १५७१ मध्ये ती उठवली. या धरसोडीवरून प्रश्न किती अवघड होता हे कळते.

या चळवळीची काळी बाजूही नोंदवलीच पाहिजे. पेढ्यांसाठी देणग्या गोळा करणाऱ्या काही प्रवचनकारांनी ज्यू सावकारांविरुद्ध विष पेरले. १४७५ मध्ये ट्रेंट शहरात ज्यूंवर बालहत्येचा खोटा आरोप ठेवून त्यांच्यापैकी अनेकांना ठार मारले गेले. त्याआधीच्या उपवासकाळात अशाच एका प्रवचनकाराची प्रवचने तिथे झाली होती. गरिबांना स्वस्त कर्ज मिळाले हे खरे, आणि त्याची किंमत काही शहरांत एका समाजाने हद्दपारीने मोजली हेही खरे.

ऑटोमन साम्राज्यात याच सुमारास जवळजवळ तोच वाद वेगळ्या धर्मशास्त्राच्या भाषेत झाला. वक्फ म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची बांधलेली मालमत्ता. ती जमीन किंवा इमारत असावी अशी जुनी समजूत होती. तिथे रोख रकमेचा वक्फ करून ती कर्जाऊ द्यायची आणि येणाऱ्या परताव्यातून शाळा किंवा मशीद चालवायची, अशी प्रथा पंधराव्या शतकापासून वाढली. सोळाव्या शतकाच्या मध्यास साम्राज्याच्या सर्वोच्च धर्माधिकाऱ्याने, लोकांचा रिवाज आणि जनहित यांच्या आधारे, ती वैध मानली. त्याच्या आधीचा एक अधिकारी आणि नंतरचा एक कडवा विद्वान हे उघड व्याज आहे म्हणत राहिले. प्रथा टिकली.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेबद्दल बोलताना १९०४-०५ मध्ये जर्मनीत मांडला गेलेला, प्रोटेस्टंट कष्टनीतीने भांडवलशाहीला बळ दिले हा सिद्धांत टाळता येत नाही. तो वाचकांना परिचित आहे, म्हणून त्याची उजळणी इथे केलेली नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने एकोणिसाव्या शतकातील प्रशिया या जर्मन राज्याच्या आकडेवारीवरून वेगळा खुलासा पुढे केला: प्रत्येकाने धर्मग्रंथ स्वतः वाचावा या आग्रहामुळे शाळा निघाल्या, साक्षरता वाढली आणि समृद्धीतला फरक बराचसा त्यातूनच आला. मला हा खुलासा जास्त पटतो, कारण त्यात श्रद्धेपासून उत्पन्नापर्यंतची मधली पायरी दाखवता येते.

धर्मस्वातंत्र्य हा या विषयाचा दुसरा पैलू आहे. १६८५ मध्ये फ्रान्सने प्रोटेस्टंटांचे संरक्षण काढून घेतले तेव्हा सुमारे दीड ते दोन लाख माणसे देश सोडून गेली, त्यांत विणकर, घड्याळजी आणि सराफ मोठ्या संख्येने होते. प्रशियाने त्याच वर्षी फर्मान काढून त्यांना जमीन आणि करसवलती देऊ केल्या. इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या समाजाला विद्यापीठे आणि सरकारी पदे बंद होती, म्हणून तो व्यापाराकडे वळला. घासाघीस न करता एकच भाव सांगण्याची त्याची रीत, आणि दिवाळे काढणाऱ्या सदस्याची सभेत चौकशी करून प्रसंगी त्याला समाजाबाहेर काढण्याचा नियम, यांमुळे बाहेरचे ग्राहकही त्याच्या पेढ्यांवर विसंबू लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतील ऱ्हाईन खोऱ्यात, ख्रिस्ती कर्तव्यभावनेने काम करणाऱ्या एका गावप्रमुखाने शेतकऱ्यांसाठी आधी दानावर चालणारी मंडळे काढली. श्रीमंतांचा उत्साह ओसरला की ती थांबत, हे लक्षात आल्यावर १८६४ मध्ये कर्जदारांच्याच सभासदत्वावर उभी असलेली पतसंस्था निघाली. कार्यक्षेत्र शक्यतो एकाच चर्चच्या हद्दीएवढे, सर्व सभासदांची अमर्याद जबाबदारी, हिशेबनीस सोडून कोणालाही पगार नाही आणि नफा वाटून न घेता न फोडता येणाऱ्या राखीव निधीत टाकायचा, हे तिचे नियम होते. शेजाऱ्याचे कर्ज बुडाले तर आपल्या शेतावर येणार हे माहीत असल्याने, गाय घेण्यासाठी काढलेल्या पैशातून गायच घेतली जाते की नाही यावर सगळ्यांचे लक्ष राही. गावचा पाद्री अनेकदा संस्थेच्या कारभारात असे. हा नमुना पुढे दूरवर गेला. क्विबेकमध्ये १९०० साली सुरू झालेली लोकपेढ्यांची चळवळ पाद्र्यांच्या मदतीने गावोगावच्या चर्चच्या आधारानेच पसरली, आणि स्पेनच्या बास्क प्रदेशात एका धर्मगुरूने १९४३ मध्ये काढलेल्या तंत्रशाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी १९५६ मध्ये कामगारांच्या मालकीचा कारखाना उभारला, ज्यातून पुढे मोठा सहकारी उद्योगसमूह वाढला.

१९६३ या एकाच वर्षी दोन प्रयोग सुरू झाले. इजिप्तच्या नाईल त्रिभुज प्रदेशातील मित घम्र या गावी जर्मन बचतबँकांच्या धर्तीवर बिनव्याजी बचतपेढी निघाली. ती चार वर्षांत राज्यकर्त्यांच्या धोरणाला बळी पडली. मलेशियात हज यात्रेसाठी बचत करणारी संस्था कामाला लागली. त्याआधी अनेक ग्रामीण यात्रेकरू पैसे घरात दडवून ठेवत किंवा जमीन आणि जनावरे विकून यात्रेला जात आणि परत आल्यावर कफल्लक होत. व्याजाच्या भीतीने बँकेपासून दूर राहिलेली ही बचत संस्थेने भागीदारीत, मळ्यांत आणि उद्योगांत गुंतवली. तुलनेने लहान ठेवीदारांची रक्कम देशाच्या औद्योगिक भांडवलात आली, हा धर्मप्रेरित बचतीचा मला माहीत असलेला सर्वांत स्वच्छ दाखला आहे. गुंतवणूकदाराने कशात पैसा घालू नये, हा विचारही धार्मिक वर्तुळांतूनच बाजारात आला: अमेरिकेत १९२८ मध्ये दारू-तंबाखू वर्ज्य करणारा निधी निघाला, आणि १९७१ मध्ये युद्धसामग्रीपासून दूर राहणारा निधी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथातील काही जणांनी काढला.

आकडेवारीने या सगळ्याचा निकाल लावण्याचे प्रयत्नही झाले. ५९ देशांच्या माहितीवर आधारलेल्या २००३ च्या एका अभ्यासात स्वर्ग-नरकावरील विश्वासाचा आर्थिक वाढीशी अनुकूल संबंध दिसला, तर प्रार्थनास्थळी जाण्याच्या वारंवारतेचा प्रतिकूल. २०१५ च्या दुसऱ्या अभ्यासात रमजानमधील लांब दिवसांच्या उपवासामुळे वाढ मंदावल्याचे आणि लोकांचे समाधान मात्र वाढल्याचे आढळले. देशादेशांतील इतके फरक एका समीकरणात बसवणे धोक्याचे असते, म्हणून पहिल्या निष्कर्षावर फार भिस्त ठेवू नये.

व्याजाचा जुना वाद मात्र आजही चालू आहे. आजच्या इस्लामी बँकव्यवहारात, बँकेने वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची आणि ठरलेला नफा धरून ग्राहकाला हप्त्याने विकायची, ही पद्धत फार रूढ आहे; टीकाकार तिला वेषांतर केलेले व्याज म्हणतात, समर्थक मालकीच्या काळातील जोखमीकडे बोट दाखवतात. या पद्धतीने घर घेतल्यास मालमत्ता दोनदा हस्तांतरित होते, त्यामुळे ब्रिटनमध्ये मुद्रांक शुल्कही दोनदा पडत असे. २००३ मध्ये तो दुहेरी बोजा काढला गेला आणि २०१४ मध्ये त्या सरकारने २० कोटी पौंडांचे शरियतसंमत रोखे विकले. मलेशियाने कोणता व्यवहार धर्मसंमत हे ठरवण्याचा अधिकार मध्यवर्ती बँकेच्या धर्मशास्त्र मंडळाला दिला आणि २००९ च्या कायद्याने त्याचे मत न्यायालयांवर बंधनकारक केले. न्यायदानाचा अधिकार अशा रीतीने मंडळाकडे जातो, अशी हरकत घेऊन हा कायदा आव्हानित झाला. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने कायम ठेवला, पण काही न्यायाधीशांनी भिन्न मत नोंदवले.