मेंदूचं ऑपरेशन, तेही मूल जागं ठेवून?

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून फिरणारा मेसेज: ‘मेंदूत तार बसवताना मुलालाही जागंच ठेवतात.’ वाचून कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल.

ही तार ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ची, म्हणजे मेंदूला सौम्य वीज देऊन हालचालींचा त्रास कमी करण्याच्या उपचाराची. आणि ‘जागं ठेवतात’ हे आलंय मोठ्यांवरून. कंपवाताच्या रुग्णाला बऱ्याचदा जागं ठेवून हात उचलायला लावतात. थरथर थांबली की तारेची जागा बरोबर. पण डिस्टोनियात, म्हणजे स्नायू आपोआप पिळवटतात त्या आजारात, फरक दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. मग टेबलावर तपासणार काय? त्यात मूल तासन्‌तास स्थिर राहणं अवघडच. म्हणून मुलांना सहसा पूर्ण भूल देतात आणि जागा मुख्यतः एमआरआय, सीटी स्कॅनवरून पक्की करतात.

खात्री हवी? ऑपरेशनआधीच्या तपासणीत भूलतज्ज्ञांनाच विचारा. संमतीपत्रात भुलीचा प्रकार कुठे लिहिलाय, ती ओळ सहीआधी वाचा.