छापलेलं, पण न दिसणारं
दाखले, पावत्या आणि कुपनांवरच्या गुप्त खुणांबद्दल, आमच्या छापखान्याच्या ग्राहकांसाठी

शाळेचा दाखला असो, पतसंस्थेची ठेवपावती असो की गणेश मंडळाचं वर्गणीचं पावतीपुस्तक, ऑर्डर देताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "याची कुणी कलर झेरॉक्स काढली तर?"

खिशात 2018 नंतरची जांभळट शंभराची नोट असेल तर काढा. भिंगातून पाहिल्यास ‘भारत’, ‘इंडिया’, ‘100’ अशी बारीक अक्षरं सापडतील. नोट तिरकी केली की धाग्याचा हिरवा रंग निळा होतो, यूव्ही (अतिनील) दिव्याखाली नंबर चमकतो. हे सगळं आमच्या आवाक्यातलं नाही. "अगदी नोटेसारखं करून देतो" म्हणणाऱ्या छापखान्यापासून जरा जपूनच राहा. पण काही युक्त्या साध्या ऑफसेटवरही जमतात.

झेरॉक्समध्ये उमटणारा शब्द

दाखल्याच्या मागे फिकट रंगाची जाळी असते. तिच्यातला ‘नक्कल’ हा शब्द जाड ठिपक्यांचा आणि बाकीची जागा बारीक ठिपक्यांची ठेवायची. दोन्हीकडे शाईने व्यापलेला भाग सारखाच, त्यामुळे डोळ्यांना एकच रंग दिसतो. झेरॉक्स मशीन बारीक ठिपके गाळतं, जाड उचलतं आणि प्रतीवर ‘नक्कल’ उमटतं. चांगला स्कॅनर मात्र बारीक ठिपकेही उचलू शकतो, म्हणून प्रूफ आम्ही दोन-तीन वेगवेगळ्या मशीनवर काढून पाहतो.

सूक्ष्म अक्षरं

सही करायच्या जागेखालची रेघ ही प्रत्यक्षात अक्षरांची ओळ असू शकते. रोमन कॅपिटल अक्षरं बरीच लहान करता येतात. देवनागरीत तेवढ्याच उंचीत शिरोरेषा, वेलांटी, मात्रा आणि जोडाक्षर कोंबलं की शाई भरून नुसता डाग उरतो. ‘राष्ट्र’, ‘क्षेत्र’ असले शब्द टाळा. ‘नगर’, ‘भवन’ छान उठतात.

या ओळीत एक मुद्दाम केलेली चूक घालून घ्या, असं आम्ही आवर्जून सुचवतो. नक्कल करणारा ओळ नव्याने टाइप करतो आणि नकळत ती दुरुस्त करतो. ही चाल जुनीच. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या एका नकाशा कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशावर ‘अ‍ॅग्लो’ हे नसलेलं गाव घातलं होतं, चोर सापडावा म्हणून. पुढे नकाशा पाहून तिथल्या दुकानालाच कुणीतरी ते नाव दिलं, ही गंमत वेगळी.

यूव्ही शाई

सगळ्यांना हीच हवी असते, आणि कागद चुकीचा निवडला तर हिचेच पैसे वाया जातात. बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र कागदात चमक आणणारं रसायन असतं. यूव्ही टॉर्चखाली तो अख्खा कागदच निळा पेटतो आणि खूण त्यात बुडते. त्यासाठी न चमकणारा कागद घ्यावा लागतो. कायम उन्हात टांगायच्या पाससाठी ही शाई नको, ती उतरते.

एक गोष्ट तुम्ही न मागताही छापली जाते. अनेक रंगीत लेझर मशीन पानभर पुसट पिवळे ठिपके टाकतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संस्थेने 2005 मध्ये झेरॉक्स कंपनीच्या डॉक्युकलर मशीनचे ठिपके उलगडले, तेव्हा 15 बाय 8 च्या चौकटीत छपाईची तारीख, वेळ आणि मशीनचा नंबर निघाला. तुमची डिजिटल कामं अशाच मशीनवर होतात, म्हणून सांगून ठेवतो.

खूण कुणाला सांगायची?

प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलंय, हिस्टिअस या ग्रीक सत्ताधीशाने गुलामाचं डोकं भादरून त्यावर निरोप गोंदवला आणि केस वाढल्यावर त्याला मिलेटस या ग्रीक शहरात धाडलं. पलीकडच्या अ‍ॅरिस्टागोरसला ‘याचं डोकं भादरून बघ’ एवढं कळणं भाग होतं. तुमच्या काउंटरवरच्या माणसाला कुठे बघायचं हे ठाऊक नसेल, तर आमची सगळी कारागिरी फुकट. म्हणून दोन खुणा घ्या. ‘नक्कल’ची खूण सगळ्यांना दाखवा, हवं तर पावतीवरच तसं छापा. दुसरी फक्त सचिव आणि खजिनदार यांनाच माहीत असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत यातलं काही तपासायला जाऊ नका. फोटो दाबून लहान केलेला असतो, मूळ कागदच मागवा.

प्रूफ पाहायला या, भिंग आणि टॉर्च आमच्याकडे आहेत. सूक्ष्म ओळ मात्र तुम्हीच वाचून सही करा. तिथली चूक आम्ही सुधारत नाही, कारण ती मुद्दाम केलेली आहे की नाही हे तुम्हालाच माहीत.